खेळांतील विश्वें व तीं रचण्याची रीति

मनुष्य आकाशाकडे पाहूं लागला तेव्हांपासून त्याच्या मनांत एक प्रश्न घर करून राहिला आहे : हें सर्व कशावर उभें आहे, आणि याच्या पलीकडे काय आहे ? या प्रश्नाला निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. प्राचीन इब्री लोकांनीं आकाश हें एक भक्कम अंतराळ मानलें व त्याच्या वर जलांचा सांठा आहे असें समजलें. पुराणांनीं मध्यभागीं मेरु पर्वत ठेवून त्याच्या भोंवतीं सात द्वीपें मांडलीं, आणि खारें पाणी, उसाचा रस, मद्य, तूप, दहीं, दूध व गोडें पाणी असे सात समुद्र त्यांना घातले. उत्तर युरोपांतील लोकांनीं नऊ जगें एका प्रचंड वृक्षाशीं जोडलीं. विश्वाच्या अशा आराखड्यास आपण 'विश्वरचना' म्हणूं.

वरील विश्वरचना कोणी खेळ म्हणून रचल्या नव्हत्या. त्यांवर लोकांची श्रद्धा होती. प्रस्तुत लेखांत मात्र मुद्दाम खेळासाठीं रचलेल्या विश्वांचा विचार करावयाचा आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींजण हा खेळ आवडीनें खेळतात, आणि त्यांच्या पालकांपैकीं कांहींजणांच्या मनांत त्याविषयीं शंका आहेत. दोघांनींही हा विषय नीट समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम खेळ कसा असतो तें सांगितलें पाहिजे. इ. स. १९७४ मध्यें गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवांतून प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या मागोमाग या जातीचे शेंकडों खेळ निघाले. चारपांच जण एका मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो; बाकीचे प्रत्येकीं एकेक पात्र घेतात : कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर, कोणी मांत्रिक. सूत्रधार प्रसंग वर्णन करून सांगतो, "तुम्ही एका पडक्या देवळापुढें उभे आहांत, आंतून पाण्याचा आवाज येत आहे." मग प्रत्येकजण आपलें पात्र काय करील तें बोलून दाखवितो. यश कीं अपयश, याचा निर्णय जेथें अनिश्चित असेल तेथें फांसे टाकतात. त्यांत नेहमींच्या सहा बाजूंच्या फांशाखेरीज चार, आठ, बारा व वीस बाजूंचेहि फांसे असतात. यांत कोणी जिंकत नाहीं व कोणी हरत नाहीं. सर्वांनीं मिळून एक कथा घडवावयाची असते.

आतां अशा खेळाला विश्वरचनेची गरज कां पडते ? कादंबरी लिहिणारा आपल्या वाचकाला जें दाखवील तेवढेंच वाचक पाहतो. खेळांतील सूत्रधाराची गोष्ट निराळी आहे. त्याच्यापुढें बसलेले खेळाडू वाटेल तें विचारतात, वाटेल तिकडे वळतात. या गांवांत प्रेतें पुरतात कीं जाळतात ? या राज्यांत रात्र किती मोठी असते ? समुद्राच्या टोंकाला गेलों तर आम्ही खालीं पडूं काय ? हीं सर्व उत्तरें अगोदर लिहून ठेवणें कोणालाहि शक्य नाहीं. परंतु विश्वाचा मूळ नियम ज्याला ठाऊक आहे, तो न लिहिलेलीं उत्तरेंहि तेथल्या तेथें काढूं शकतो, आणि आजचें उत्तर कालच्या उत्तराशीं विसंगत होत नाहीं. गणितांत सूत्र पाठ असलें म्हणजे प्रत्येक उदाहरणाचें उत्तर पाठ करावें लागत नाहीं, तसेंच हें आहे.

या खेळांतील सर्वांत प्रसिद्ध विश्वरचना घेऊं. १९७७ सालीं 'द ड्रॅगन' या मासिकांत गायगॅक्सनें तिचा आराखडा मांडला व पुढील वर्षीं खेळाडूंच्या मुख्य पुस्तकाला तो परिशिष्ट म्हणून जोडला. पुढें तिला 'महाचक्र' असें नांव पडलें. तिची उभारणी साध्या हिशोबावर आहे. या खेळांत प्रत्येक पात्राची वृत्ति दोन मापांनीं मोजतात : एक माप सज्जन, मध्यम व दुष्ट असें, दुसरें शिस्तप्रिय, मध्यम व स्वैर असें. तीन गुणिले तीन मिळून नऊ वृत्ति झाल्या. त्यांतील दोन्ही बाजूंनीं मध्यम अशी जी वृत्ति, तिचा लोक चक्राच्या मध्यावर ठेविला. उरलेल्या आठ वृत्तींचे आठ लोक चक्राच्या परिघावर मांडले, आणि प्रत्येक दोन शेजाऱ्यांच्या दरम्यान आणखी एक, असे परिघावर सोळा लोक झाले. मेलेल्या मनुष्याचा आत्मा त्याच्या वृत्तीला अनुरूप अशा लोकांत जातो. याखेरीज अग्नि, वायु, पृथ्वी व जल या चार तत्त्वांचे आंतले लोक निराळेच आहेत.

या रचनेचा गुण हा कीं, तींत नीति ही दिशांसारखी झाली आहे. आपण जसें पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे चालत जातों, तसें तेथें चांगुलपणाकडे किंवा दुष्टपणाकडे अक्षरशः चालत जातां येतें. परंतु तींत एक उणीवहि आहे. सोळा लोकांना नांवें देतांना ती जगांतील सर्व धर्मांच्या पेटींतून उचललीं. केवळ शिस्तीच्या लोकाला 'निर्वाण' हें नांव दिलें. बुद्धाच्या उपदेशांतील निर्वाणाचा नियमबद्धतेशीं काय संबंध, हें कोणालाहि सांगतां येणार नाहीं. १९९० नंतरच्या पुस्तकांत त्या लोकाचें नांव बदलून 'मेकॅनस' केलें, तें एकमेकांत अडकून फिरणाऱ्या अवाढव्य दांतेरी चाकांच्या त्या लोकाला अधिक शोभलें. ज्वालामुखींच्या एका लोकाला 'गेहेन्ना' म्हटलें. पवित्र शास्त्राचा अभ्यास केलेल्यांना माहीत असेल कीं, हें नांव यरुशलेम शहरालगतच्या हिन्नोमाच्या खोऱ्यावरून आलेलें आहे. तेथें एके काळीं मुलांचा अग्नींत होम केला जात असे, आणि त्या भयंकर आठवणीमुळेंच तो शब्द नरकवाचक झाला. हा सर्व इतिहास गाळून नुसतें नांव उचललें, म्हणजे हातीं टरफल येतें व दाणा मागें राहतो. नवें विश्व रचणाराला यापासून पहिला धडा मिळतो तो हा : नांव आणण्यापूर्वीं त्याचा अर्थ आणावा, तें शक्य नसेल तर स्वतःचें नांव शोधावें.

दुसरें उदाहरण अगदीं निराळें आहे. २००२ सालीं 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या मंडळीनें नव्या जगाच्या आराखड्यांची स्पर्धा लाविली; अकरा हजारांहून अधिक आराखडे आले. त्यांतून कीथ बेकर यांचें 'एबेरॉन' हें जग निवडलें गेलें, व त्याचें पुस्तक २००४ सालीं निघालें. यांत तेरा लोक आहेत, पण ते स्थिर नाहींत. ग्रहांप्रमाणें ते पृथ्वीच्या जवळ येतात व दूर जातात. अग्नीचा लोक जवळ आला म्हणजे उष्णता वाढते. हिमाचा लोक जवळ आला म्हणजे थंडी वाढते. म्हणजे पंचांग पाहणारा मनुष्य तेथें खरोखर उपयोगाचा ठरतो. चक्राच्या विश्वांत प्रवाशाला पलीकडच्या लोकांत जावें लागतें. एबेरॉनमध्यें तो लोकच त्याच्या शेताच्या बांधापर्यंत येतो.

याहून महत्त्वाचा भेद देवांविषयीं आहे. या जातीच्या पुष्कळ खेळांत देव प्रत्यक्ष येतात, बोलतात, भांडतात. एबेरॉनमध्यें ते कोणाला दिसत नाहींत. उपासकाच्या प्रार्थनेनें रोगी बरा होतो खरा, पण परस्परविरोधी पंथांच्या उपासकांच्या प्रार्थनांनींहि तो बरा होतो, आणि लबाड पुरोहिताच्या हातूनहि कधींकधीं होतो. म्हणून देव आहेत किंवा नाहींत, हा वाद तेथें चालूच राहतो, आणि श्रद्धा ही श्रद्धाच राहते. जेथें देव शेजाऱ्यासारखा दारांत उभा आहे, तेथें त्याच्यावर विश्वास ठेवण्यांत विशेष तें काय ? हा विचार खेळांतून मुलांच्या मनांत आला, तर तो कांहीं लहान लाभ नव्हे.

तिसरें उदाहरण 'ग्लोरान्था' या जगाचें. ग्रेग स्टॅफर्ड यांनीं तें १९६६ सालीं, विद्यार्थी असतांना, कल्पावयास आरंभ केला. १९७५ सालीं त्यावर पटावरचा एक युद्धखेळ निघाला व १९७८ सालीं 'रूनक्वेस्ट' या नांवाचा पात्रांचा खेळ निघाला. या जगांत पृथ्वी गोल नाहीं. ती एका अथांग समुद्रावर तरंगणारा प्रचंड ठोकळा आहे, व तिच्यावर आकाशाचा घुमट आहे. सूर्य एका द्वारानें उगवतो, दुसऱ्या द्वारानें मावळतो, आणि रात्रभर पाताळांतून चालत परत उगवतीला येतो. तेथें काळालाहि आरंभ आहे. पूर्वीं देवांनीं आपसांत झगडून जग मोडकळीस आणलें, तेव्हां त्यांनीं एक करार केला व त्या करारापासून काळ सुरू झाला. तेव्हांपासून देव बांधलेले आहेत. नवें कांहीं करावयाचें तें मनुष्यांनींच करावें. मनुष्य हा त्या विश्वांत कर्ता कां आहे, याचें उत्तर विश्वाच्या रचनेंतच दिलेलें आहे. शिवाय, वादळाच्या देवानें सूर्यराजाला मारलें ही एकच कथा वादळाचे उपासक पराक्रम म्हणून सांगतात व सूर्याचे उपासक महापाप म्हणून सांगतात. आणि खेळ दोघांनाहि बोलूं देतो.

आणखी दोन जगांचा केवळ उल्लेख करितों. १९८९ सालच्या 'स्पेलजॅमर' मध्यें प्रत्येक सूर्यमाला एका स्फटिकाच्या गोलांत बंद आहे, आणि गोलांच्या दरम्यान 'फ्लोजिस्टन' नांवाचें ज्वालाग्राही द्रव्य भरलेलें आहे. तेथें ठिणगी पडली तर भडका उडतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आठवेल कीं, अठराव्या शतकांत पदार्थ जळण्याचें कारण म्हणून फ्लोजिस्टन मानीत, आणि लाव्हाझियेनें तें मत खोडून काढलें. शास्त्रानें टाकून दिलेली कल्पना खेळानें उचलली. १९९१ सालच्या 'डार्क सन' मध्यें तर देवच नाहींत. मांत्रिकानें मंत्र म्हटला म्हणजे आसपासचें गवत व झाडें जळून जाऊं शकतात, भूमि राख होऊं शकते, आणि असें पिढ्यान् पिढ्या झाल्यामुळें सारें जग वाळवंट झालें आहे. एका नियमांतून सगळी दुर्दशा निघाली. वेगळें कांहीं सांगावें लागलें नाहीं.

या सर्व उदाहरणांवरून विश्व रचण्याची रीति सांगतां येते. आरंभ एकाच गोष्टीनें करावा, आणि तिचे परिणाम शेत, बाजार, घर व स्मशान येथपर्यंत नेऊन पोंचवावे. एक उदाहरण करून पाहूं.

समजा, सर्व विश्व म्हणजे एक प्रचंड बारव आहे. तिच्या भिंतींत टप्पे आहेत व त्या टप्प्यांवर गांवें वसलीं आहेत. रोज वरच्या तोंडांतून एका साखळीनें मोठा दिवा खालीं सोडला जातो. तो हळूहळू उतरत तळच्या पाण्यांत बुडतो. एवढीच मूळ गोष्ट. आतां परिणाम पाहा. वरच्या टप्प्यावर सकाळ होते तेव्हां खालीं अद्याप काळोख असतो. म्हणून 'आज' हा शब्द दोन्हीकडे एका वेळीं लागू पडत नाहीं, आणि कर्जाची मुदत केव्हां संपली यावरून तंटे होतात. पाऊस वरून पडतो, तेव्हां धान्य वरच्यांना प्रथम पिकतें. खालच्यांना मासे व ऊन पाणी मिळतें. मालाची नेआण दोरांनीं होते, म्हणून त्या जगांत सर्वांत श्रीमंत कोण, तर दोर वळणारे.

मग श्रद्धेकडे वळावें. दिवा येतो कोठून व जातो कोठें ? वरचे लोक म्हणतात, रोज नवा दिवा लाविला जातो, आणि मेलेल्यांचे आत्मे वर तोंडाकडे जातात. खालचे म्हणतात, दिवा एकच आहे. तो पाण्यांत शांत होतो व परत वर नेला जातो, म्हणून मेलेल्यांनाहि पाण्यांतच सोडावें. रात्रीं काळोखांत साखळी वर ओढल्याचा आवाज सर्वांना ऐकूं येतो. पण तिच्या टोंकाला विझलेला दिवा असतो कीं नुसता आंकडा, हें कोणी पाहिलेलें नाहीं, कारण त्या वेळीं उजेड करणें सर्व टप्प्यांवर निषिद्ध आहे. हा निषेध कोणी घातला व कां ? आणि एके दिवशीं दिवा अर्धा प्रहर उशिरां आला तर ? येथें खेळाडूंना आपोआप काम मिळालें. सूत्रधारानें राक्षस किंवा खजिना शोधीत बसण्याचें कारण उरलें नाहीं.

या उदाहरणांतून चार नियम ध्यानांत ठेवावे. पहिला, मूळ गोष्ट एकच असावी. दहा आश्चर्यें एकत्र केलीं म्हणजे एकाचेंहि आश्चर्य वाटत नाहीं. दुसरा, ती गोष्ट गरिबांतल्या गरिबाच्या दिवसांत दिसली पाहिजे. जें विश्व केवळ पंडितांच्या पोथींत आहे व ज्याचा परिणाम भाकरीवर होत नाहीं, तें खेळांत निरुपयोगी आहे. तिसरा, मृत्यूनंतर काय होतें याविषयीं तेथील लोकांचें मत ठरवावें, कारण मनुष्य कशासाठीं जीव धोक्यांत घालील हें त्यावर अवलंबून असतें. चौथा, एक प्रश्न तरी अनुत्तरित ठेवावा. सूत्रधाराला उत्तर ठाऊक असलें तरी त्या जगांतील रहिवाशांना तें ठाऊक नसावें. वाद, आशा व शोध यांचा उगम तेथेंच आहे.

आतां पालकांच्या शंकेकडे येऊं. ती नवी नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कांहीं पालकांनीं व कांहीं ख्रिस्ती मंडळींनीं या खेळावर कडक आक्षेप घेतले; त्यानें मुलें भूतविद्येकडे वळतात असें त्यांचें म्हणणें होतें. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत प्रकाशकांनीं 'डेमन' व 'डेव्हिल' हे शब्दच गाळले, ते पुढें परत आले. खेळ हा मुलांना बिघडवितो हा आरोप सिद्ध झाला नाहीं. तरी शंका विचारणारा पालक वेडा नव्हे. जें मूल तासन् तास दुसऱ्या विश्वांत राहतें, त्याच्या विश्वाची चौकशी करणें हें पालकाचें कर्तव्यच आहे. मात्र ती चौकशी दार लावून होत नाहीं, शेजारीं बसून होते.

कल्पिणें व मानणें यांत भेद आहे. इंग्रज ग्रंथकार टोल्कीन हे श्रद्धावान रोमन कॅथॉलिक होते. त्यांनीं आपल्या कथांसाठीं संपूर्ण विश्व रचलें, त्यांत पृथ्वी आरंभीं सपाट होती व एका महान अपराधानंतर ती गोल झाली. १९३९ सालीं स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथें दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं अशा रचनेला 'उपनिर्मिति' म्हटलें. त्यांचा भाव असा कीं, मनुष्य स्वतः निर्माण केलेला आहे, म्हणूनच त्यालाहि कांहीं निर्माण करावेंसें वाटतें. हें मत ज्यांना पटेल त्यांना मुलाच्या वहींतील नकाशा भीतिदायक वाटणार नाहीं.

एक मर्यादा मात्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना आग्रहानें सांगूं. १९८० सालीं याच खेळाच्या एका पुस्तकांत इंद्र, अग्नि, विष्णु इत्यादि देवतांना बळाचे आंकडे देऊन, त्यांना किती घाव सोसतील हेंहि छापलें होतें. ज्या नांवापुढें शेजारच्या घरीं आज संध्याकाळीं निरांजन लागणार आहे, तें नांव फांशावर लावूं नये. आमच्या प्रार्थनेंतील नांवाविषयीं आम्ही जी अपेक्षा करूं, तीच दुसऱ्याच्या नांवाविषयीं पाळावी. स्वतः कल्पिलेल्या देवांना वाटेल तितके घाव घालावे. त्यांची तक्रार घेऊन कोणी येणार नाहीं.

पालकहो, आपल्या मुलानें असें एकादें विश्व रचलें असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारून पाहावा : "तुझ्या जगांत मेलेल्यांचें काय होतें ?" त्याचें उत्तर ऐकून घ्यावें, व मग त्यानें आपल्याला तोच प्रश्न उलट विचारला तर टाळूं नये. एरवीं वर्षानुवर्षें ज्या विषयावर घरांत शब्द निघत नाहीं, त्या विषयावर बोलण्याची ती एक सोपी वाट आहे. आणि विद्यार्थिमित्रहो, आपलें विश्व वहींत मांडतांना त्याच्या कांठावरील राक्षसांपूर्वीं त्याच्या मध्यावरील एका गरीब घराची चूल काढा. ती चूल कशानें पेटते हें तुम्हांला सांगतां आलें, तर तुमचें विश्व उभें राहिलें असें खुशाल समजा.